निखळलेला खांदा : शस्त्रक्रिया की व्यायाम?

गेल्या वर्षभरात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘अभ्यास कसा चाललाय?’ हा नसून ‘खांदा कसा आहे?’ हा आहे. प्राध्यापकांनी विचारला, वर्गमित्रांनी विचारला, ग्रंथालयातल्या काकांनी तर पुस्तक देता देता दर खेपेला विचारला. प्रत्येकाने प्रश्नाबरोबर सल्लाही दिला. निम्म्यांचे मत ‘ताबडतोब ऑपरेशन करून टाक’ असे, तर उरलेल्यांचे ‘चुकूनही सुरी लावू देऊ नकोस’ असे. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही निर्णय माझ्याच खांद्याचा असल्यामुळे डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि मिळेल ते वाचून जे उमगले, ते येथे मांडतो. आपल्या महाविद्यालयात गिर्यारोहण करणारे बरेच आहेत. न जाणो, कुणाच्या उपयोगी पडेल.

तेरा महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही तैलबैल्याच्या भिंतीवर सराव करीत होतो. उजवा हात डोक्याच्या वर, बाजूला ताणून एका भेगेत अडकवलेला होता. पाय सटकले आणि शरीराचा सगळा भार त्या एका हातावर आला. आत काहीतरी ‘खट्’ झाले आणि हात माझा राहिला नाही. दोरावरून मला खाली घेतले. हात ओढून खांदा बसवण्याचा आग्रह दोघातिघांनी धरला, पण आमच्या म्होरक्याने कुणाला हात लावू दिला नाही. हे फार बरे झाले. निखळलेल्या खांद्याजवळून नस आणि रक्तवाहिनी जाते, आणि कधी सोबत हाडही मोडलेले असते. अजाण माणसाने ओढाताण केली तर दुखण्यात भर पडते. गळ्यात झोळी बांधून मला रुग्णालयात नेले. तेथे क्ष-किरण चित्र काढून मग खांदा बसवला.

आता खांदा निखळतो म्हणजे काय होते? कमरेचा सांधा खोल वाटीत बसवलेल्या गोळ्यासारखा असतो. खांद्याचे तसे नाही. येथे वाटी इतकी उथळ असते की तिला बशीच म्हणावे, आणि दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीच्या मानाने बराच मोठा. म्हणून तर हात सर्व दिशांना फिरतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे अस्थिरता. गोळा बशीवर टिकवण्याचे काम दोन यंत्रणा करतात. पहिली, बशीच्या काठाला असलेली कूर्चेची कड (तिला लॅब्रम म्हणतात) आणि तिला जोडलेले अस्थिबंध. दुसरी, गोळ्याला चारी बाजूंनी कवटाळणारे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा. यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. पहिली यंत्रणा कुंपणासारखी स्थिर. दुसरी राखणदारासारखी सतत जागी.

माझे कुंपण तुटले होते. एम.आर.आय. चित्रात कूर्चेची कड बशीच्या पुढच्या काठावरून सुटलेली दिसली. या इजेला बँकार्ट या ब्रिटिश शल्यविशारदाचे नाव आहे. त्यांनी १९२३ साली तिच्याविषयी लिहिले आणि ती कड पुन्हा हाडाला जोडावी असे सांगितले. आज हेच काम बहुधा दुर्बिणीतून करतात. हाडाला बारीक छिद्रे पाडून त्यांत धागा ओवलेले अँकर बसवतात आणि त्या धाग्यांनी कड जागेवर बांधतात. आपण कातळात बोल्ट ठोकतो, त्यातलाच हा प्रकार. बशीचे हाडच बरेच झिजले असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. मग फ्रान्समधील लातार्जे यांनी १९५४ साली मांडलेल्या पद्धतीने शेजारच्या हाडाचा तुकडा तेथे बसवावा लागतो.

घरी आईचे म्हणणे साधे होते. “तरण्याताठ्या पोराला कशाला ती चिरफाड? आपोआप भरून येईल.” ही समजूत बहुतेकांची असते. नेमकी येथेच खांद्याची गोष्ट उलटी आहे. पहिल्यांदा खांदा निखळला त्या वेळी वय जितके कमी, तितका तो पुन्हा निखळण्याचा संभव अधिक. तरुणाच्या सांध्यातील उती लवचिक असतात, सुटलेली कड मूळ जागी जुळेलच असे नसते, आणि तरुण माणूस महिना-दोन महिन्यांत पुन्हा त्याच उद्योगाला लागतो.

मग प्रत्येक तरुणाने लगेच शस्त्रक्रिया करावी काय? तसेही नाही. स्वीडनमध्ये १९७८-७९ मध्ये पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या सुमारे अडीचशे रुग्णांची नोंद करून त्यांचा २५ वर्षे पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. दुखापतीच्या वेळी पंचविशीच्या आत असलेल्या आणि शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या खांद्यांपैकी जवळजवळ निम्मे एक तर पुन्हा निखळलेच नाहीत, किंवा काळाच्या ओघात स्थिर झाले. म्हणजे सर्वांनाच सुरी लावली, तर निम्म्यांना ती विनाकारण लागणार. शस्त्रक्रियेलाही तिचे धोके आहेत. जंतुसंसर्ग होऊ शकतो, हात बाहेरच्या बाजूला पूर्वीइतका वळेनासा होतो, आणि क्वचित एवढे करूनही खांदा पुन्हा निखळतो.

माझी पहिलीच वेळ होती. हाड झिजलेले नव्हते. शिवाय मार्चमध्ये परीक्षा आणि हात उजवा. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे तो झोळीत राहणार होता. डॉक्टरांनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या आणि एक अट घातली : “व्यायाम मनापासून कर. पण पुन्हा निखळला, तर मग चालढकल नको.” मी व्यायामाचा मार्ग धरला.

व्यायाम म्हणजे ‘काही न करणे’ नव्हे, हे सांगण्यासाठीच हा परिच्छेद. आधी कंबरेत वाकून हात लोलकासारखा सैल झुलवायचा. मग रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून हात आत-बाहेर वळवायचा, म्हणजे ते चार राखणदार बळकट होतात. पुढे खांद्याचे पाते पाठीवर आवळून धरायचे, भिंतीवर आणि नंतर जमिनीवर जोर काढायचे. हे रोज, न कंटाळता, महिनोन् महिने. फिजिओथेरपिस्टबाई म्हणत, “तुम्हा चढणाऱ्यांचे ओढण्याचे स्नायू दांडगे असतात आणि सावरणारे उपाशी!” मे महिन्यात मी पुन्हा सोपे चढ करू लागलो. मात्र हात डोक्यावर, बाजूला गेला की आतून भीती वाटे. खांदा सुटेल की काय, अशी. ही भीती दुबळ्या मनाची नव्हे, सैल सांध्याची खूण असते, हे मला नंतर कळले.

जूनच्या अखेरीस बसमध्ये उभा होतो. उजव्या हाताने वरची दांडी धरली होती. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खांदा निखळला. कातळावर नव्हे, बसमध्ये!

त्या रात्री माझे दुखण्याकडे कमी आणि दोराकडे जास्त लक्ष होते. हेच भिंतीवर झाले असते तर? मी पुढे चढत असताना हात सुटला असता, तर मी एकटा पडलो नसतो. बिले देणारा आणि खाली उभे असलेले सोबती, सर्वांनाच मी संकटात लोटले असते. इतके दिवस खांदा माझा आहे आणि जोखीमही माझीच आहे, असे मी धरून चाललो होतो. ऑगस्टमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

आता दुसरी गोष्ट. आमच्या गटात अठ्ठावन्न वर्षांचे एक काका आहेत. त्यांचा खांदा पडल्यामुळे नव्हे, तर हळूहळू दोन वर्षांत दुखू लागला. चित्रात रोटेटर कफची एक कंडरा आरपार फाटलेली दिसली. सगळे म्हणाले, “आता वय झालं, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही.” त्यांना डॉक्टरांनी आधी तीन महिने व्यायाम करायला सांगितले. यालाही आधार आहे. अमेरिकेत अशाच, आघाताविना झालेल्या आरपार फाटीच्या चारशेहून अधिक रुग्णांना आधी व्यायामोपचार दिले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांत एक चतुर्थांशाहूनही कमी लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. झिजून फाटलेल्या कंडरेचे काम शेजारचे स्नायू शिकून घेऊ शकतात. वय झाल्यावर अशा फाटी कित्येकांच्या खांद्यांत असतात आणि त्यांना त्या जाणवतही नाहीत. काका यंदा आमच्याबरोबर लिंगाण्यावर आले होते. मी पायथ्याशी सामान राखीत बसलो होतो.

तेव्हा ‘फाटले आहे’ एवढ्या शब्दावर निर्णय घेऊ नये. विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. काय फाटले : कुंपण की राखणदार? कसे फाटले : एका झटक्यात की झिजून? खांदा नुसता दुखतो, की सुटतो? किती वेळा सुटला? हाड शाबूत आहे काय? आणि त्या हाताकडून पुढे आपल्याला काय हवे आहे? धडधाकट माणूस जोरात पडला आणि त्यानंतर त्याला हात उचलताच येईना, तर मात्र तीन महिने वाट पाहत बसू नये. ताज्या फाटीची शिवण लवकर झालेली बरी, म्हणून लगेच तज्ज्ञाला दाखवावे.

पहिल्या सहा महिन्यांचा व्यायाम फुकट गेला का, असे मला विचारतात. नाही गेला. शस्त्रक्रियेनंतर झोळी सुटल्यावर तेच पट्टे, तोच लोलक, तेच जोर पुन्हा करावे लागले. शल्यविशारद कड बांधून देतो. खांदा चालवायला शिकवणे मागे उरतेच. फरक एवढाच की या खेपेस माझ्या स्नायूंना धडा पाठ होता.

शस्त्रक्रियेला पाच महिने झाले आहेत. हात डोक्यावर जातो आणि ती भीती आता येत नाही. पुढे चढण्याची परवानगी अद्याप मिळालेली नाही. गेल्या रविवारी मी प्रथमच बिले द्यायला उभा राहिलो. वर प्रथम वर्षाचा एक मुलगा चढत होता. दोर हातातून सरकत होता आणि माझे सगळे लक्ष त्याच्या खांद्यांकडे लागले होते.