फ्रीझरला तीन अंशांवर रोखणारी पेटी

उणे १८ अंशांपर्यंत गोठवायचं, एवढं एकच काम ज्याला येतं अशा यंत्राला ३ अंशांवर थांबवता येईल का? अमेरिकेत कित्येकांच्या गॅरेजमध्ये हे रोज चाललेलं असतं. घरी बिअर बनवणारे हौशी लोक आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा आडवा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर आणतात. त्यात स्टीलची उभी पिंपं, म्हणजे केग, ठेवतात, वर नळ बसवतात आणि हवा तेव्हा थंड ग्लास भरून घेतात. पण नेहमीची पाच टक्क्यांची बिअर उणे दोनच्या आसपास गोठू लागते. फ्रीझरला त्याच्या मनासारखं करू दिलं, तर केगात बिअरऐवजी बर्फाची लादी सापडायची!

या हौशीला तिथे कायद्याची मान्यता तशी अलीकडचीच. घरगुती बिअरला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात जागा मिळाली ती अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये केलेल्या सहीनंतर. केगही मुळात बिअरचे नव्हेत. शीतपेयांचं सिरप दुकानांना पोचवण्यासाठी केलेली ही १९ लिटरची भांडी. पुढे ते सिरप खोक्यातल्या पिशव्यांमधून येऊ लागलं आणि रिकामे केग हौशी मंडळींच्या हाती लागले.

मग घरातला उभा फ्रिज सोडून फ्रीझरच का? थंड हवा जड असते. उभ्या फ्रिजचं दार उघडलं की ती सरळ पायांवर ओघळते. आडव्या फ्रीझरचं झाकण उघडलं तरी ती बरीचशी आतच बसून राहते. पातेल्याचं झाकण काढलं म्हणून आतलं पाणी थोडंच सांडतं?

आता नवल बघा. फ्रीझरच्या आतल्या यंत्रणेला कुणी हातही लावत नाही. त्याचं स्वतःचं बटण सर्वांत थंड खुणेवर फिरवून ठेवतात, म्हणजे तो कायम ‘अजून थंड करू?’ म्हणत राहतो. मग त्याचा प्लग भिंतीत न लावता एका छोट्या पेटीत लावतात आणि पेटी भिंतीत. पेटीतून निघालेली सेन्सरची बारीक वायर फ्रीझरच्या आत सोडलेली असते. आतलं तापमान बघून पेटी वीज देते किंवा तोडते. बस्स. साध्या फ्रीझरच्या कॉम्प्रेसरला ‘जरा हळू’ हा प्रकारच माहीत नाही. तो पूर्ण जोरात चालतो, नाहीतर गप्प बसतो.

मग पूर्ण जोर आणि पूर्ण शांतता या दोनच गोष्टींतून स्थिर तीन अंश निघतात कुठून?

तीनच्या वर गेलं की चालू, खाली आलं की बंद, असं सांगून बघा. यंत्र सारखं चालू-बंद होत राहील आणि कॉम्प्रेसर लवकरच मान टाकेल. चालताना कॉम्प्रेसर गॅस एका बाजूला दाबून ठेवतो. तो बंद पडला की हा दाब एका अतिशय बारीक नळीतून हळूहळू ओसरतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात पुन्हा वीज दिली, तर मोटरला त्या दाबाविरुद्ध उठताच येत नाही. ती नुसती घुमते, तापते आणि आतलं संरक्षक बटण ‘टक्’ करून तिला थांबवतं. आपल्याकडे वीज परत आल्यावर फ्रिजचा स्टॅबिलायझर लगेच सप्लाय देत नाही, त्यामागे हेच कारण आहे. म्हणून पेटीला दोन आकडे सांगतात: चारवर चालू हो, तीनवर बंद हो. शिवाय दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटांची सक्तीची विश्रांती.

पण या चालू-बंदचा धक्का बिअरला का लागत नाही? जरा हिशेब करू. २०० लिटर हवेचं वजन जेमतेम पाव किलो. ती एक अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे ३०० पट उष्णता एक भरलेला केग एक अंशाने तापायला लागते. तीनशे पट! हवा हलक्या कानाची, झाकण उघडलं की लगेच भडकते. बिअर मात्र ढिम्म. चार भरलेले केग बंद फ्रीझरमध्ये एका अंशाने चढायला तासन्‌तास घेतात. म्हणजे वीज द्यायची की तोडायची ते पेटी ठरवते, पण तापमान सांभाळते ती बिअरच.

त्यामुळे सेन्सर कुठे ठेवायचा, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. तो हवेत लोंबकळत ठेवला, तर झाकण उघडताच उगाच कॉम्प्रेसर सुरू. बिअरच्या मधोमध बुडवला, तर बातमी पोचायला फार उशीर. थंड करणाऱ्या नळ्या फ्रीझरच्या भिंतींत दडलेल्या असतात. मधल्या बिअरला तीन अंश गाठेपर्यंत भिंतीलगतची बिअर गोठायलाही लागू शकते. कॉम्प्रेसर थांबला तरी गार भिंती उष्णता ओढतच राहतात. उपाय अगदी साधा आहे: केगच्या मध्यावर, बाहेरून, सेन्सर टेपने चिकटवायचा आणि त्यावर फोमचा तुकडा लावायचा. फोममुळे हवेचा गोंधळ त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि बिअरची खबर स्टीलच्या पत्र्यातून वेळेवर मिळते.

भिंतींत नळ्या असल्यामुळे नळासाठी तिथे भोक पाडणं म्हणजे गॅसच सोडून देणं. म्हणून फ्रीझर आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवतात आणि नळ त्या चौकटीत लावतात. पण थंड हवा तळाशी, उबदार हवा वर, त्या चौकटीतच! नळाजवळच्या नळीत थांबलेली बिअर केगातल्या बिअरपेक्षा गरम होते आणि पहिला ग्लास निम्मा फेसाने भरतो.

दोन-चार अंशांनी एवढा फरक? हो, कारण बिअरच्या पोटात गॅस कोंबलेला असतो. ३ अंशांवर, १२ पीएसआय दाबाखाली, एक लिटर बिअर अडीच लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड रिचवते. ती जराशी गरम झाली की तेवढा गॅस धरून ठेवण्याची तिची ताकद ओसरते आणि तो फसफसून बाहेर पडतो. यावर इलाज काय, तर कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आत लावायचा, तळाची हवा वर ढकलण्यापुरता.

बिअर आणि थंडी यांचं नातं मात्र जुनं आहे. कार्ल फॉन लिंडे या जर्मन अभियंत्याची सुरुवातीची शीतयंत्रं १८७०च्या दशकात म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीतच चालली. पेटीची गोष्ट वेगळीकडून येते, विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शिक्षक-महाविद्यालयातून. वर्गात उकडतंय की गारठलंय हे बघायला तिथला शिपाई तास चालू असताना वर्गावर्गात डोकवायचा आणि मग तळघरातल्या भट्टीकडे जायचा. वॉरन जॉन्सन या प्राध्यापकांनी ही खबर विजेने खाली पोचवणारं उपकरण केलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दोन वर्षांनी त्यांनी मिलवॉकीत, म्हणजे बिअरसाठीच नावाजलेल्या शहरात, कंपनी काढली. पुढे जॉन्सन कंट्रोल्स झालेल्या याच कंपनीची पेटी कित्येक हौशी मंडळींच्या फ्रीझरवर बसली.

या सगळ्यात एक अडचण मात्र उरतेच. तापमान सांभाळायचं काम बिअरकडे, आणि बिअर तर लोक पिऊन टाकतात! केग रिकामे होत जातात तशी तापमान सांभाळणारी बिअर कमी होते आणि कॉम्प्रेसर वरचेवर सुरू होऊ लागतो. त्यावर तोड म्हणून रिकाम्या जागेत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवतात. तापमान धरून ठेवण्याच्या कामात पाणी बिअरइतकंच भरवशाचं आहे, आणि ते चोरून प्यायला कुणी झाकण उघडत नाही.