पाटी पुन्हा डोक्यावर

कर्करोगाच्या रुग्णाचे रोजचे जगणे कसे चालले आहे, हे मोजण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरली जाते. युरोपातल्या संशोधकांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तीस प्रश्न आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिची हिंदी आणि मराठी रूपे आपल्या रुग्णांवर तपासूनही घेतली. पहिलाच प्रश्न कष्टाच्या कामाचा आहे. सामानाने भरलेली जड पिशवी किंवा सूटकेस उचलताना त्रास होतो का? मग लांबवर चालण्याचा, मग थोडेसे चालण्याचा, मग जेवण, कपडे, अंघोळ यांना दुसऱ्याची मदत लागते का याचा. गाठ केवढी होती, हे त्या तीस प्रश्नांत कुठेही विचारलेले नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर हा पहिला प्रश्न विचारायचा तर सूटकेस बाजूला ठेवावी लागेल. इथल्या बाईला माशांनी भरलेली पाटी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घ्यायची असते, विहिरीतून पाणी शेंदायचे असते, आषाढात चिखलात वाकून लावणी करायची असते. पुरुषाला रापणीचा दोर ओढायचा असतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, अहवाल चांगला आला, आणि तरी पाटी उचलवत नसेल तर त्या घरात आजार संपलेला नसतो, फक्त त्याचे नाव बदललेले असते.

इथला रुग्ण उपचाराला जातो तो दोन दिशांना. एक मुंबई, सुमारे पाचशे किलोमीटर. दुसरी गोव्यातली बांबोळी, तिथले सरकारी रुग्णालय त्या मानाने जवळ. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले ते नेमके गिरणगावात, जिथे कोकणातले चाकरमानी आधीपासून राहत होते. त्यामुळे मालवणी माणसाला लालबाग-परळात नात्यातल्या कुणाची तरी खोली मिळत आली. गोव्याने २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना बांबोळीला शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गात, लोक आंदोलनाला बसले. शेजारच्या राज्यातले ते रुग्णालय इथल्या लोकांना किती आपले वाटत होते, ते त्यातून दिसले. पण ही सगळी धडपड शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांच्यासाठी. नंतरचे काय, हा प्रश्न डिस्चार्ज कार्ड पिशवीत घालून कुडाळ स्टेशनात उतरल्यावर सुरू होतो, आणि तिथे उत्तर द्यायला सहसा कोणी नसते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार साधी आहे. "हात वर जाणा नाय." स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या की दोन गोष्टी होतात. खांदा आखडतो, आणि हातातला लसिकाद्रव पुढे जायला वाट उरत नाही. तो साचतो, हात सुजतो, कातडी हळूहळू जाड होते, आणि अशा हाताला साधी जखमही चिघळते. २०१३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेल्या आढाव्यानुसार स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या पाच स्त्रियांमागे एकीला ही सूज येते. काखेतल्या अगदी पहिल्या ग्रंथीच तपासून बाकीच्या वाचवल्या, तर प्रमाण सहा टक्क्यांच्या आत राहते.

यावरचा उपचार चार पदरी आहे. त्वचेची निगा, अगदी हलक्या हाताचे विशिष्ट मालिश, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे थरावर थर गुंडाळणे, आणि पट्टी बांधलेल्या हातानेच व्यायाम. सूज उतरली की मग दाब देणारी बाही, ती रोज घालायची. मुंबईत हे शिकवतात आणि चांगले शिकवतात. मात्र वैशाखात किनाऱ्यावरच्या दमट हवेत बोटांपासून काखेपर्यंत पट्टी बांधून चुलीपुढे बसणे काय असते, ते बसणाऱ्या बाईलाच ठाऊक. घामोळ्या उठतात. श्रावणात धुतलेली पट्टी दोन दोन दिवस वाळत नाही, म्हणून एकाऐवजी दोन संच लागतात आणि दुसऱ्याचे पैसे नसतात. मग पट्टी ट्रंकेत जाते. त्यात इथले काम असे की हाताला इजा ठरलेली. मासे कापताना काटा टोचतो, काजू भाजताना बोंडूच्या बीचे तेल उडते, लावणीत चिखलाने पेरे सोलवटतात, आणि हा जिल्हा लेप्टोस्पायरोसिसचा. सुजलेल्या हाताच्या बाईने मासे साफ करताना रबरी हातमोजा घालावा, एवढी एक गोष्ट जरी घराघरांत पोचली तरी कितीतरी ताप आणि इंजेक्शने वाचतील.

याहून मोठी गोष्ट वजनाची आहे. त्या हाताने काही जड उचलू नका, जन्मभर नका, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. कार्यालयात बसणाऱ्या बाईला ते पाळता येते. मासे विकणारीला तो सल्ला म्हणजे धंदा बंद. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी या समजुतीची परीक्षा घेतली. हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या निम्म्यांनी दाबाची बाही घालून, सुरुवातीला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा वजने उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, मग सावकाश वाढवत. वर्षअखेर त्यांची सूज व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली नाही. उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के, तर या गटात १४ टक्के निघाले. मला या संशोधनाची बातमी मालवणच्या मासळी बाजारात मोठ्या आवाजात वाचून दाखवावीशी वाटते. पाटी सुटलीच पाहिजे असे नाही. रिकाम्या पाटीपासून सुरुवात करून, महिन्यामागून महिना थोडी थोडी भर घालत, हात मोजत मोजत तिथवर परत जाता येऊ शकते. दर आठवड्याला हातावरच्या ठरावीक जागी टेप लावून माप लिहून ठेवणारे कोणीतरी जवळ हवे, एवढेच.

पुरुषांत तोंडाचा कर्करोग पुढे आहे. तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, आणि बायकांत मशेरी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर चावण्याचे स्नायू आवळून येतात. निरोगी माणसाच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ही फट ३५ मिलिमीटरच्या खाली आली की जबडा आखडला असे धरतात. मग भाकरी गेली, दात घासणे गेले, आणि रोग परत आला आहे का हे पाहायला डॉक्टरला तोंडात डोकावताही येत नाही.

यावरचा व्यायाम पाहण्यासारखा आहे. आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या घ्यायच्या, एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेवढ्या बसतील तेवढ्या बसवायच्या आणि ताण सोसत थोडा वेळ तसेच थांबायचे. काही दिवसांनी गठ्ठ्याच्या मधोमध आणखी एक काडी सारायची. दिवसातून अनेकदा, आणि महिनोन् महिने, कारण किरणोपचाराने येणारा ताठरपणा उपचार संपल्यावरही वाढत राहतो. खर्च जवळजवळ शून्य. तरीही हा व्यायाम बहुतेक घरांत पंधरा दिवसांत बंद पडतो. दुखते, आणि कोणी विचारत नाही. काडी वाढली का, हे दर सोमवारी विचारणारा माणूस असला तर तो चालू राहतो.

गिळण्याचे प्रशिक्षण देणारा आणि बोलण्याचे प्रशिक्षण देणारा तज्ज्ञ एकच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले की पातळ पाणी घशातून निसटून श्वासनलिकेत जाते आणि माणूस ठसकतो. अशा अनेकांना दाटसर पदार्थ सोपा जातो. बाजारात त्यासाठी पाणी दाट करणाऱ्या पावडरी मिळतात. आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज आहे, हवी तेवढी दाट करता येणारी, आणि कुळथाची पिठी आहे. तोंड सोललेले असताना मात्र सोलकढी आणि तिरफळ काही काळ दूर ठेवावे लागते. पेज किती दाट, मान कशी वाकवायची, हे रुग्णागणिक बदलते. ते तज्ज्ञानेच एकदा बघून ठरवावे.

स्वरयंत्र काढावे लागलेल्या माणसाचे दुःख या जिल्ह्यात वेगळे आहे. इथे देवापुढे गाऱ्हाणे घालायला आवाज लागतो, भजनाच्या डबलबारीत आवाज लागतो, दशावतारात संहिता हातात नसताना रात्रभर बोलावे लागते. आवाज परत मिळवण्याचे मार्ग तीन. अन्ननलिकेत हवा घेऊन तिच्या कंपनातून बोलणे, गळ्याला टेकवायचे विजेरीवरचे यंत्र, आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप. परदेशी झडप हजारो रुपयांची, आणि ती पुन्हा पुन्हा बदलावी लागते. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी 'ऑम' नावाची झडप सुमारे पन्नास रुपयांत तयार केली, ती याच अडचणीतून. किनाऱ्यावर आणखी एक धोका सांगितलाच पाहिजे. अशा माणसाचा श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो. तो पाण्यात पडला तर पाणी थेट फुप्फुसात जाते, पोहता येत असले तरी. त्यामुळे होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरचे काम शोधून देणे, जाळी विणणे, मासळी निवडणे, हिशेब, हाही त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

आता योग, संगीत, चालणे यांच्याविषयी. हे मनाला बरे वाटण्यापुरते, असे समजून डॉक्टरही कधी कधी सोडून देतात. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत डॉ. नीता नायर यांनी तिचे निष्कर्ष मांडले. रोगमुक्त राहण्यात १५ टक्के आणि जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा संस्थेने सांगितली. या आकड्यांवरून योगाने कर्करोग बरा होतो असे कोणी म्हणू लागला तर तो फसवणूक करतो आहे. त्या सगळ्या स्त्रियांनी योग केला तो नेहमीच्या उपचारांच्या जोडीने.

त्याहून ठाम पुरावा जून २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे प्रशिक्षकासह व्यायाम दिला, निम्म्यांना फक्त आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी रोगाशिवाय जगणारे पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्या गटात ७४ टक्के. मला यात पुस्तिकेचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. व्यायाम करा असे छापील सांगणे दोन्हीकडे होते. फरक पाठपुरावा करणाऱ्या माणसाने पाडला.

गाण्याचेही तसेच. वेल्समधल्या पाच गायनवृंदांतल्या १९३ जणांवर, म्हणजे रुग्ण, त्यांची सेवा करणारे आणि जिवलग गमावलेले लोक यांच्यावर, २०१६ मध्ये अभ्यास झाला. एक तास एकत्र गाण्याने ताणाचे संप्रेरक उतरले आणि मनाची उभारी वाढली. आमच्याकडे वाडीवाडीत भजनमंडळ आहे. केमोथेरपीत केस गेलेली बाई किंवा गालाचा आकार बदललेला माणूस तिथून आधी आपणहून दूर होतो आणि मग कोणी बोलवायला जात नाही. बुवांनी स्वतः जाऊन त्याला पखवाजाशेजारी आणून बसवले, तर ते औषधाइतकेच मोलाचे आहे.

इथेच सावध राहण्याची जागा आहे. हे सारे जोडीने करायचे उपचार आहेत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये, रोग दूरवर न पसरलेला असतानाही फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट आढळला, स्तनाच्या कर्करोगात पाचपटींहून जास्त. कोकणात मुळी देणारे, पाला देणारे पुष्कळ. देवाला गाऱ्हाणे घालावे, त्याने धीर येतो. पण किरणोपचाराची तारीख चुकवू नये, आणि काढा घेत असाल तर तो डॉक्टरला सांगावा, कारण काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधांचा शरीरातला निचरा बदलतात.

मुंबईत उपचारांनंतरच्या या कामाची परंपरा जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. रुग्णाच्या हाताला काम देणारी पुनर्वसन केंद्रे त्यांनी उभी केली. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी देशातले पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, डॉ. लुइस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला उघडले. त्याची गोव्यातली शाखा लोटलीला आहे. मालवणच्या रुग्णाला यातले काहीच रोजच्या अंतरावर नाही.

देशातल्या जिल्हा रुग्णालयांत केमोथेरपीची डे-केअर केंद्रे तीन वर्षांत उघडण्याची घोषणा केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, असे केंद्र होईल तेव्हा त्याच्या शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-गिळणतज्ज्ञ बसवावा. आठवड्यातला एक ठरलेला वार त्यांनी मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात यावे, आणि तो बाजाराचा वार असावा. गावातल्या आशाताईंना हाताचे माप घ्यायला आणि काड्या मोजायला शिकवावे. यात महागडे यंत्र एकही नाही. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, आमदारांनी आणि मुंबईतल्या गावमंडळांनी हे मागून घ्यावे. आणि तुमच्या घरात कोणी या उपचारांतून जात असेल, तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम समोर करून दाखवायला सांगा, मोबाइलवर त्याचे चित्रण करून घ्या, आणि घरी आल्यावर तो रोज करून घेणारा माणूस त्याच दिवशी ठरवा.