दीर्घकालीन शुश्रूषा विमा

दीर्घकालीन शुश्रूषा विमा : वार्धक्य, पक्षाघात, स्मृतिभ्रंश इ. कारणांनी स्नान, भोजन, उठबस यांसारखे नित्याचे व्यवहार स्वतः करू न शकणाऱ्या व्यक्तींच्या शुश्रूषेचा खर्च सक्तीच्या सार्वजनिक विम्यातून भागविण्याची पद्धती. आरोग्यविमा मुख्यतः उपचारांचा खर्च देतो; बऱ्या न होणाऱ्या परावलंबनाचा भार कुटुंबावर, म्हणजे बहुधा घरातील स्त्रियांवर, पडतो. जपानमध्ये १९७३ पासून ७० वर्षांवरील व्यक्तींना मोफत उपचार मिळू लागले, तेव्हा घरी सांभाळणारे कोणी नाही म्हणून वृद्धांना रुग्णालयातच ठेवण्याची प्रथा इतकी वाढली, की तिला ‘सामाजिक रुग्णालयवास’ असे नाव पडले.

जर्मनीने १९९५ मध्ये हा विमा सुरू करून प्रत्येक आरोग्यविमा निधीला एक शुश्रूषा निधी जोडला. मालकांवरील वर्गणीचा बोजा भरून काढण्यासाठी सॅक्सनी वगळता सर्व राज्यांत एक धार्मिक सुटी रद्द करण्यात आली. तेथे लाभार्थीस प्रत्यक्ष सेवेऐवजी रोख रक्कम घेता येते आणि ती सामान्यतः शुश्रूषा करणाऱ्या नातलगाकडे जाते. शुश्रूषागृहातील वास्तव्यासाठी मात्र ठराविकच रक्कम मिळते. उरलेला खर्च रहिवाशास सोसावा लागतो व ते न जमल्यास त्यास शासकीय साहाय्य मागावे लागते. ही या पद्धतीची मोठीच उणीव होय.

जपानमधील विमा १ एप्रिल २००० रोजी अंमलात आला. तेथे नगरपालिका हीच विमाकर्ती असून ४० वर्षे व त्यांवरील नागरिक वर्गणी देतात. लाभार्थीचा हिस्सा वजा जाता उरलेला खर्च निम्मा वर्गणीतून व निम्मा करांतून भागतो. हा हिस्सा प्रारंभी सर्वांना १०% होता. अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी तो २०१५ मध्ये २०% व २०१८ मध्ये त्यांतील काहींसाठी ३०% झाला. घरी येऊन पाहणी झाल्यावर तज्ञ समिती अर्जदाराची श्रेणी ठरविते. रोख रक्कम देण्याचे जपानने हेतुतः टाळले. पैसा घरात आला, तरी काम सुनेच्याच माथी राहील, हा स्त्रियांच्या संघटनांचा आक्षेप होता व तो निराधार नव्हता.

दक्षिण कोरियात २००८ पासून राष्ट्रीय आरोग्यविमा संस्थाच हा विमा चालविते व दोन्ही वर्गण्या एकत्र गोळा करते. तेथेही रोख रक्कम अपवादानेच मिळते. तथापि प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीला वा सुनेला घरच्या वृद्धाच्या शुश्रूषेबद्दल मर्यादित तासांचे वेतन मिळू शकते.