जुलाबानंतर दूध का बाधते?

मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा एक साधा पदवीधर आहे. लहान मुलांच्या आतड्यांतील विकरे हा माझा विषय नव्हे, असे काही वाचक म्हणतील आणि ते खरेही आहे. परंतु काही विषय माणूस निवडत नाही, ते घरात चालून येतात. आमच्या अज्ञानापायी आमचे मूल जवळजवळ उपाशी राहिले होते. तशी वेळ दुसऱ्या घरावर येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरचा अनुभव

2012 सालचा आषाढ. माझी धाकटी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. एके रात्री तिला उलट्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब. शेजारच्या वयस्कर बाई म्हणाल्या, "दात येतत, म्हणान पोट जाता." आम्हीही तेच धरून बसलो. तीन-चार दिवसांत उलट्या थांबल्या, जुलाब कमी झाले आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. पण गाईचे दूध पाजले की तासाभरात पोटात गुरगुर, पोट फुगणे आणि फेसाळ, आंबूस वासाची शी. लंगोट बदलताना मुलगी किंचाळे, कारण बूड लालभडक होऊन सोलवटले होते.

मग घरातल्या प्रत्येकाने एकेक गोष्ट बंद केली. आधी गाईचे दूध बंद. नंतर कोणी सांगितले म्हणून आईचे अंगावरचे दूधही बंद. पेज जड पडेल म्हणून पेज बंद. उरले काय, तर साबुदाण्याचे पाणी, साखरपाणी आणि चमचाभर बिस्किटाचा लगदा. दहा दिवसांत मुलीचे वजन पाऊण किलोने घटले.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला तपासले, वजन केले आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला, "चेडवाक उपाशी कित्याक ठेवलात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी त्यांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून जे समजावले आणि पुढे मी वाचून जे जाणले, ते येथे मांडतो.

सुट्या पैशांचा हिशेब

आपण खातो त्या अन्नातील बरीचशी साखर ‘जोड साखर’ असते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरा जोडून ती बनते. आपली नेहमीची उसाची साखर म्हणजे सुक्रोज. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी आहे. भात, नाचणी, बटाटा यांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. लाळेतील आणि स्वादुपिंडातील रस तिचे लहान तुकडे करतात.

पण आतड्याची भिंत जोड साखर आत घेत नाही. एस.टी.चा कंडक्टर जसा पाचशेची नोट घेत नाही, सुटे मागतो, तसेच हे आहे. नोट मोडून देणारे रोखपाल म्हणजे विकरे. लॅक्टोज मोडणारे लॅक्टेज, सुक्रोज मोडणारे सुक्रेज, पिष्टाचे तुकडे मोडणारे माल्टेज. पावसाळ्यात आपण आवडीने खातो त्या अळंब्यांतील साखरेसाठीसुद्धा एक निराळे विकर आहे!

हे रोखपाल बसतात कुठे? लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना उद्वर्ध म्हटले आहे. या उंचवट्यांवरील पेशींच्या कडेवर विकरे असतात. या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी बदलतात. उंचवट्याच्या तळाशी नवी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते आणि टोकाशी पोहोचून गळून पडते. लॅक्टेज मुख्यत: टोकाकडच्या जाणत्या पेशींत असते. खालच्या कोवळ्या पेशींना ते काम अजून यायचे असते.

आता रोटा विषाणूसारखा जंतू पोटात शिरला की तो नेमका या टोकाकडच्या पेशींवर हल्ला करतो. उंचवटे झिजून आखूड होतात. सर्वांत आधी लॅक्टेज जाते आणि सर्वांत शेवटी तेच परत येते. सुक्रेज त्या मानाने टिकाऊ आणि माल्टेज सर्वांत चिवट. म्हणूनच जुलाबानंतर मुलाला पेज पचते, पण दूध पचत नाही. आम्ही पेज बंद केली होती, म्हणजे जे पचत होते तेच थांबवले होते!

न मोडलेले लॅक्टोज आतड्यात तसेच राहते आणि शरीरातील पाणी आपल्याकडे ओढून घेते. म्हणून शी पातळ होते. पुढे मोठ्या आतड्यात जंतू ते आंबवतात. त्यातून वायू आणि आम्ल तयार होते. पोट फुगते, शी फेसाळ व आंबट होते आणि आम्लाने बूड सोलवटते. आमच्या मुलीच्या साऱ्या लक्षणांचा अर्थ तेव्हा कळला. ही ना दृष्ट होती, ना दातांचा त्रास. ती आतड्याला झालेली जखम होती आणि जखम भरून येते. बहुतेक मुलांत दोन ते चार आठवड्यांत हे आपोआप सुधारते.

तीन प्रकार ओळखावेत

‘दूध पचत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांची गल्लत होऊ नये.

पहिला प्रकार जन्मजात. मुलाच्या शरीरात जन्मापासूनच लॅक्टेज नसते आणि आईच्या पहिल्या दुधापासूनच जुलाब सुरू होतात. हा फारच दुर्मीळ आहे. फिनलंड देशात त्यातल्या त्यात आढळतो आणि तेथेही साठ हजार जन्मांत सुमारे एक.

दुसरा प्रकार आजारानंतर येणारा, तात्पुरता. आपल्याकडील लहान मुलांत मुख्यत: हाच दिसतो.

तिसरा प्रकार वयानुसार येणारा. जगातील सुमारे दोन तृतीयांश माणसांत बालपणानंतर लॅक्टेज हळूहळू कमी होते. हा रोग नव्हे, निसर्गाची रीतच आहे. ज्या समाजांनी हजारो वर्षे गुरे पाळून दूध प्यायले, त्यांच्यात मोठेपणीही लॅक्टेज टिकविणारा आनुवंशिक बदल पसरला. भारतात 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी सुमारे 27 टक्के, तर दक्षिण भारतीयांपैकी सुमारे 67 टक्के लोकांना दुधातील साखर नीट पचत नसल्याचे आढळले. आपल्या किनाऱ्यावर तर दूधदुभते कधीच मुबलक नव्हते. आपली लहान चणीची गावठी गाय दूध देणार ते बेताचेच. भात, मासे आणि नारळ यांवर आपली पिढ्यान् पिढ्या गुजराण झाली. तेव्हा चहापुरते दूध चालते पण पेलाभर प्यायले की पोट बिघडते, असे सांगणारे आजी-आजोबा घरोघरी असतील तर नवल नाही. बुद्धपौर्णिमेची वाटीभर खीर त्यांना सहसा बाधत नाही, कारण भाताबरोबर थोडेसे दूध सावकाश उतरते आणि उरलेसुरले लॅक्टेज त्याला पुरे पडते.

दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी ही आणखी निराळी बाब. तीत शीतून रक्त पडणे, अंगावर पुरळ येणे अशी लक्षणे दिसू शकतात. तिचे निदान डॉक्टरांनीच करावे.

साखरच पचत नसेल तर?

क्वचित एखाद्या मुलात जन्मजात सुक्रेजची उणीव असते. असे मूल आईच्या दुधावर छान वाढते, कारण त्या दुधात सुक्रोज नसते. सहाव्या महिन्यानंतर साखर घातलेली खीर, केळे, गूळ, बिस्किटे सुरू झाली की जुलाब लागतात आणि ते थांबतच नाहीत. ग्रीनलंडमधील मूळ रहिवाशांत हा दोष बराच आढळतो. पिढ्यान् पिढ्या मासे आणि सील यांवर जगलेल्या त्या लोकांत तो फारसा कोणाच्या ध्यानातही येत नसे. आपल्याकडे तो विरळा आहे. पण गोड खाण्याशी जुलाबाचा स्पष्ट संबंध दिसत असेल तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. पुष्कळ औषधांच्या गोड पातळ मिश्रणांतही साखर असते, हेही लक्षात असू द्यावे.

जलसंजीवनीचे रहस्यही येथेच आहे. तिच्या पाकिटात साधी साखर नसून ग्लुकोज असते, म्हणजे आधीच सुटे केलेले नाणे. त्याला विकर लागत नाही. शिवाय ग्लुकोज आतड्यातून आत शिरताना मिठाला आणि पाण्याला सोबत घेऊन जाते. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी हेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. मात्र प्रमाण चुकता कामा नये. जास्त साखर घातली तर तीच पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. आम्ही पाजत होतो ते मिठाशिवायचे साखरपाणी म्हणजे नेमकी हीच चूक. थंड पेये आणि डबाबंद रस यांचेही तेच. नावात ‘ओआरएस’ मिरवणाऱ्या गोड पेयांनी लोकांची फसगत होत असल्याने, ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली.

घरी काय करावे?

1. आईचे दूध कधीही बंद करू नये. त्यात लॅक्टोज भरपूर असले तरी मूल ते थोडेथोडे घेते, आणि रोगाशी लढणारे घटकही त्यातच असतात.

2. पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आशाताईंकडे पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या मोफत मिळतात. झिंक 14 दिवस द्यावे: सहा महिन्यांवरील मुलास रोज 20 मि.ग्रॅ., दोन ते सहा महिन्यांच्या मुलास 10 मि.ग्रॅ. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नये.

3. प्रत्येक जुलाबात वरचे दूध तोडण्याची गरज नसते. दूध दिल्यावर वर सांगितलेली लक्षणे दिसली, तरच ते काही दिवस कमी करावे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे. दही बहुधा चालते, कारण विरजणातील जंतू बरेचसे लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात.

4. सहा महिन्यांवरील मुलाला खाणे चालू ठेवावे. पेजेचे वरचे निवळ पाणी नव्हे, तर शिते कुस्करलेली दाट पेज, त्यात मुगाची डाळ आणि चमचाभर खोबरेल किंवा तूप. उकडलेले अंडे, काटे नीट काढलेला मासा. थोडे थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा.

5. नारळाच्या दुधात लॅक्टोज नसते हे खरे, पण तान्ह्या मुलाला ते आईच्या दुधाऐवजी चालत नाही. मोठ्या मुलाला दूध सोसत नसेल तर कॅल्शियमसाठी नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. सबंध खाल्ला जाणारा सुका जवळाही आहेच.

6. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शीतून रक्त आले, किंवा जुलाब 14 दिवसांवर गेले, तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना गाठावा.

मुळाकडे पाहू या

आमच्या मुलीचे गाईचे दूध दोन आठवडे बंद ठेवले. अंगावरचे दूध पुन्हा सुरू केले. दाट पेज, डाळ, दही दिले. चौथ्या दिवशी शी बांधून झाली आणि महिन्याभरात वजन भरून आले. आज ती दूधभात खाते. त्या वेळी ‘हिला दूध सोसत नाही’ असा शिक्का मारून आम्ही मोकळे झालो असतो, तर एका तात्पुरत्या जखमेची जन्मभराची खोड झाली असती.

पण सगळ्याच मुलांची जखम भरण्याइतकी उसंत मिळत नाही. एका जुलाबातून उठण्याआधी दुसरा येतो. उंचवटे आखूडच राहतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याची कारणे अनेक आहेत. अस्वच्छ पाणी आणि वारंवारचे जुलाब हे त्यातले एक मोठे कारण. आपल्याकडील जांभ्या दगडातून पावसाचे पाणी झपाट्याने झिरपते. शौचालयाचा खड्डा विहिरीच्या जवळ किंवा वरच्या अंगाला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात काय होते, हे सांगायला नको. विहिरीत वेळेवर ब्लीचिंग पावडर पडते की नाही हे पाहणे, पाणी उकळून पिणे, मुलाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे, ही कामे खर्चाची नाहीत.

रोटा विषाणूची लसही आता सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी लसीकरणात मोफत तोंडावाटे दिली जाते. देशात ती 2016 पासून आणि महाराष्ट्रात 2019 पासून सुरू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ही लस तयार होते. आमच्या मुलीच्या वेळी ती या मोफत यादीत नव्हती. आज ती असताना डोस चुकवणे याला सबब नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्वर्ध हा शब्द तुम्ही परीक्षेपुरता पाठ करता. यापुढे वाडीत एखादे मूल जुलाबाने आजारी पडले आणि घरचे लोक त्याचे खाणे बंद करू लागले, तर तो शब्द जरूर आठवा. आणि त्या घरात जाऊन एवढेच सांगा की दाट पेज द्या, आईचे दूध चालू ठेवा, मुलाला उपाशी ठेवू नका.