माळढोकाची शिकार आणि एका अंड्याचे गणित



आजच्या भाषणाचा विषय शिकार हा आहे. तथापि नेम कसा धरावा हे सांगण्याचा माझा हेतू नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या माळावरील माळढोक आणि अमेरिकेच्या रानांतील रानटर्की, असे दोन मोठे पक्षी मी आपणांपुढे ठेवणार आहे. दोघेही जमिनीवर चरणारे, दोघांचेही नर माद्यांपुढे पिसारा फुलवून मिरवणारे, आणि दोघांचेही मांस खवय्यांच्या फार आवडीचे. दोघांमागेही माणूस बंदूक घेऊन लागला. आज त्यांपैकी एक लक्षावधींच्या संख्येने नांदत आहे आणि दुसरा नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. हे कशामुळे झाले, याचा आपण विचार करू.

प्रथम परक्या पाहुण्याकडे वळू. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातील. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला एक टर्की जहांगीर बादशहाच्या दरबारी आला, आणि बादशहाच्या आज्ञेवरून मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. तो पक्षी माणसाळलेला होता. रानातला त्याचा भाऊ मात्र अत्यंत सावध असतो. वसंत ऋतूत त्याचा नर पहाटे झाडावरच्या रातवाऱ्यातून खाली उतरतो, घोगरा आवाज काढून माद्यांना बोलावतो आणि पिसारा उभारून त्यांच्याभोवती फिरतो. शिकारी लाकडाच्या किंवा पाटीच्या दगडाच्या साधनावर घासून मादीचा हुबेहूब आवाज काढतो आणि झाडाच्या बुंध्याशी निश्चल बसून राहतो. सकाळी नर सहसा फसत नाही, कारण खऱ्या माद्या त्याच्याजवळच असतात. पण दिवस वर चढला की माद्या अंडी घालण्यासाठी अगर उबवण्यासाठी एकेक करून घरट्याकडे निघून जातात. दुपारी एकटा पडलेला नर मग शिकाऱ्याच्या खोट्या हाकेला ओ देत येतो. वसंतातील दुपारच्या शिकारीचे सारे मर्म या एकटेपणात आहे.

तेथील कायद्याने हे मर्म ओळखले आहे. वसंतात सामान्यतः फक्त नर मारण्याची मुभा असते, आणि तीही ठराविक दिवसांत व ठराविक संख्येपुरती. काही राज्यांत तर माध्यान्हीनंतर शिकार बंद ठेवतात, म्हणजे घरट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मादीला उपद्रव होऊ नये. एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्यामुळे, माद्यांचे मीलन उरकल्यावर काही नर गेले तरी अंड्यांच्या संख्येत फारसे उणे पडत नाही, असा त्यामागचा हिशेब आहे.

आता आपल्या माळावर येऊ. ढोक म्हणजे करकोच्यासारखा उंच पक्षी, आणि माळावरचा तो माळढोक. नराचे वजन आठ ते चौदा किलोपर्यंत भरते; उडू शकणाऱ्या जड पक्ष्यांत त्याची गणना होते. आपल्याकडे त्याची वीण मुख्यत्वे पावसाळ्यात होते. त्या वेळी नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवतो, ती जवळजवळ जमिनीला टेकते. शेपूट पाठीवर उलटवून तो ‘हूम’ असा घुमणारा नाद काढतो. उघड्या माळावर तो दूरवरून दिसतो आणि ऐकू येतो. मादीस भुलवण्याचे हे साधनच शिकाऱ्यास त्याचा पत्ता देई.

फाल्गुन-चैत्रात गवत वाळून पिवळे पडले की दुसरी संधी येई. दुपारच्या उन्हात माळढोक एखाद्या झुडपाच्या तुटक सावलीत चोच उघडी टाकून उभा राहतो. पायी येणाऱ्या माणसाला तो फार लांबून ओळखतो व निसटतो. परंतु शेतकऱ्याची बैलगाडी त्याच्या रोजच्या परिचयाची. म्हणून शिकारी बैलगाडीत अगर तिच्या आडोशाला राहत आणि गाडी सरळ पक्ष्याकडे न हाकता वळसे घेत, वर्तुळ लहान करीत नेत. ज्या वाहनावर पक्ष्याने विश्वास टाकला त्याच्याच आडून त्याच्यावर गोळी सुटे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गाडी आली आणि मग एवढ्या धीराचीही गरज उरली नाही.

मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची नोंद प्रसिद्ध आहे. आपल्या शेजारच्या अहमदनगर भागात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत त्याने ९६१ माळढोक मारले. म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठेचाळीस, आणि तेही एकाच बंदुकीने.

येथे थोडे अंकगणित करू. टर्कीची मादी एका खेपेस दहा-बारा अंडी घालते. दहा माद्यांची शंभर अंडी धरा. निम्मी कोल्ह्या-कावळ्यांनी खाल्ली, उरलेल्या पिलांतून निम्मी मेली, तरी पंचवीस पिले हाती लागतात. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच उबवते. दहा माद्यांची दहा अंडी; तीच तूट धरली तर उरतात दोन किंवा तीन पिले. शिवाय नर प्रौढ होण्यास चार-पाच वर्षे लागतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; पण या हिशेबाने मॅन्सफील्डच्या एका बंदुकीपायी सुमारे दोनशे माद्यांची दरवर्षीची सारी संतती खर्ची पडत होती, असे होते.

अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी रानटर्की बहुतेक संपुष्टात आली होती. १९३७ साली तेथे बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. पुढे जाळी टाकून रानटर्की पकडल्या व नव्या रानांत सोडल्या. आज त्यांची संख्या साठ लाखांच्या आसपास मानली जाते. अलीकडे काही राज्यांत ती घटू लागताच शिकारीचा मोसम उशिरा सुरू करण्यात आला. दहा अंड्यांच्या पक्ष्याबाबत चूक झाली, तर ती सुधारण्यास अवधी मिळतो.

आपल्याकडे १९६९ साली देशभरात सुमारे १२६० माळढोक उरल्याचा अंदाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार पूर्णपणे बंद झाली. त्याच सुमारास सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे शासनाचे लक्ष वेधले, आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार ८४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात गावे, शेते, बाजारपेठाही आल्या. लोकांना जमिनीच्या व्यवहारात अडचणी सोसाव्या लागल्या आणि पक्ष्याविषयी प्रेमाऐवजी राग वाढला. पुढे हे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान माळ मोडून ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकास समोरचे नीट दिसत नाही आणि त्याचे जड शरीर ऐनवेळी वळत नाही. तारेवर आदळून तो मरतो. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

आता सारा देश धरला तरी माळढोक दीडशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतील बहुतेक जैसलमेरकडे. तेथे २०१९ पासून रानातील अंडी आणून पिले वाढवण्याचे काम चालू आहे. पन्नासांहून अधिक पक्षी त्या आश्रयाला आहेत. पण ते सोडायचे कोठे? त्यांना माळच हवा.

येथेच आपला, शहरवासीयांचा, संबंध येतो. आपल्या बोलण्यात आणि सरकारी दप्तरातही माळाला ‘पडीक’ म्हणण्याची सवय पडली आहे. पडीक म्हटले की तेथे झाडे लावावीत, कारखाना काढावा, निदान तारा तरी न्याव्यात, असे आपणांस सहज वाटते. वस्तुतः काळवीट, लांडगा, धाविक आणि माळढोक यांचे ते भरले घर आहे. बंदूक थांबवणे कायद्याला साधले. माळ राखणे हे मात्र कायद्याबरोबर आपल्या शब्दांवर आणि सवयींवरही अवलंबून आहे. नान्नजला सहलीस गेलात तर कुत्रा बरोबर नेऊ नका, गवतात मोटार घालू नका, आणि मुलांना त्या गवताचे नाव ‘पडीक’ असे शिकवू नका. जो पक्षी एकच अंडे घालतो, त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा चूक करण्याची सवलत आपल्याला नाही.