मातीचा सामू ७.८ की ८.६? आधी पीएच मीटर तपासा

हिंगोली जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत हळद, सोयाबीन घेणारा शेतकरी मातीचा नमुना तपासायला देतो आणि त्याच्या हातात मृद आरोग्य पत्रिका येते. तिच्यावरच्या १२ घटकांपैकी एक असतो सामू, म्हणजेच पीएच. तो ८.५ च्या पुढे गेला, की जमीन चोपण असल्याची शंका येते आणि जिप्समचा विषय निघतो. ७.८ असेल, तर तो खर्च बहुधा करावा लागत नाही.

पण आकडा देणारं मीटरच चुकत असेल तर?

बफर द्रावण कशासाठी?

पीएच मीटर थेट सामू मोजत नाही. इलेक्ट्रोडच्या टोकाला असलेल्या काचेच्या फुग्यावर तयार होणारा विद्युतदाब ते मोजतं. २५ अंश सेल्सिअसला सामू एका अंकाने बदलला, की हा दाब साधारण ५९ मिलिव्होल्टने बदलतो. इलेक्ट्रोड जुना झाला की हे गणित बिघडतं.

म्हणून आधी ज्याचा सामू पक्का माहीत आहे, अशा द्रावणात मीटर तपासतात. हेच बफर. थोडं आम्ल किंवा अल्क मिसळलं तरी त्याचा सामू फारसा हलत नाही. बाजारात ४, ७ आणि ९.२ सामूच्या बफर गोळ्या मिळतात. त्या पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवतात. मराठवाड्यातली काळी जमीन बहुतेक अल्कधर्मी असते. त्यामुळे इथे ७ आणि ९.२ ची जोडी उपयोगाची, कारण नमुन्याचा आकडा या दोन्हींच्या मध्ये यायला हवा.

बिघाड कसा ओळखायचा?

- दोन्ही बफरमध्ये जवळपास एकच आकडा आला, तर काचेला तडा गेलेला असू शकतो.
- आकडा स्थिर व्हायला खूप वेळ लागत असेल किंवा तो सरकत राहत असेल, तर काच मळलेली किंवा इलेक्ट्रोडचं सूक्ष्म छिद्र चिकणमातीने बुजलेलं असू शकतं. आधी स्वच्छ करून पाहावं.
- ७ च्या बफरमध्ये शून्यापासून ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला किंवा स्लोप ९० टक्क्यांखाली गेला आणि साफसफाईनंतरही सुधारला नाही, तर इलेक्ट्रोड बदलायची वेळ आली.

दोष बफरचाही असू शकतो

९.२ चं बफर उघडं राहिलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामू उतरतो. तापमानानेही फरक पडतो. २५ अंशाला ९.१८ असलेलं बोरॅक्स बफर ४० अंशाला ९.०७ च्या आसपास येतं. हिंगोलीच्या उन्हाळ्यात हे विसरून चालत नाही.

म्हणून वापरलेलं बफर पुन्हा बाटलीत ओतू नये. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा. आणि पत्रिकेवरचा सामू खटकला, तर जिप्समची पोती आणण्याआधी नमुना पुन्हा तपासून घ्यावा.