कुंभाराचं गाढव आणि फुल-फ्रेम कॅमेरा

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यावर काय बोलायचं, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. विषय आमच्याकडे आला तो एका चिठ्ठीतून. गोंदिया जिल्ह्यातल्या एक शिक्षिका ही व्याख्यानं ऐकतात. त्या लिहितात : ‘सुट्टीच्या दिवशी भातखाचरांत सारस पक्ष्यांचे फोटो काढते. निकॉन डी ७२०० आणि ७०-३०० ची लेन्स आहे. तीन वर्षं साठवून लाखभर रुपये जमलेत. सगळे म्हणतात, आता फुल-फ्रेम घ्या. घेऊ का?’

चिठ्ठी वाचून आम्हाला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. कारण २०१७ साली हीच बॉडी आणि हीच लेन्स आमच्याकडे होती, आणि सल्लाही हाच मिळाला होता. आम्ही डी ७२०० विकला, ग्रॅच्युइटीतून भर घातली आणि डी ७५० घेतला. मोठा सेन्सर, फुल-फ्रेम. लेन्स तीच ठेवली. मग भिगवणला जाऊन उजनीच्या फुगवट्यावर खंड्याचे फोटो काढले आणि मोठ्या कौतुकाने घरी दाखवले. सौ. म्हणाल्या, ‘पाणी छान आलंय. पक्षी कुठंय?’

चूक दुकानदाराची नव्हती, कॅमेऱ्याची तर नव्हतीच. चूक आमच्या कार्यकारणभावाची होती. म्हणजे आमच्याच विषयात आम्ही नापास झालो.

न्यायदर्शनात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कुंभार घडा करतो. माती, चाक, दंड ही घड्याची कारणं. पण माती गाढवाच्या पाठीवरून आली, तर गाढव घड्याचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. गाढव आधी हजर होतं खरं, पण त्याच्यावाचून घडा अडत नाही. माती डोक्यावरूनही आणता आली असती. अशा गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आता प्रश्न असा, की चांगल्या वन्यजीव-फोटोत फुल-फ्रेम म्हणजे माती की गाढव? उत्तर सरसकट नाही. प्राणी कोणता, किती लांब आणि उजेड किती, यावर ते ठरतं.

थोडं गणित करू. शाळेतलंच आहे, घाबरू नका. सेन्सरवर पडणारी प्रतिमा किती मोठी? लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले प्राण्याची लांबी, भागिले अंतर. खंड्या १६ सेंटिमीटरचा, १५ मीटरवर बसलाय, लेन्स ३०० मिलिमीटरची. प्रतिमा येते ३.२ मिलिमीटर. आता सूत्राकडे नीट बघा. त्यात सेन्सरचा आकार कुठे आहे का? नाही! लहान सेन्सर लावा की मोठा, खंड्या ३.२ मिलिमीटरचाच राहणार. मोठ्या सेन्सरने त्याच्याभोवती पाणी तेवढं वाढतं. सौ. बरोबर बोलल्या होत्या.

आणखी बघा. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे. डी ७२०० ने ते साडेतेवीस मिलिमीटर रुंदीत बसवलेत, डी ७५० ने ३६ मिलिमीटर रुंदीत पसरलेत. म्हणून पहिल्यात खंड्याच्या वाट्याला साधारण ८१५ पिक्सेल येतात आणि दुसऱ्यात ५३५. आम्ही पैसे घालून पक्षी लहान करून आणला.

‘पण सर, फुल-फ्रेम अंधारात चांगला ना?’ बरोबर, आणि खरी मेख इथेच आहे. मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ लहानाच्या सुमारे २.३ पट. संपूर्ण चौकट प्राण्याने भरली असेल, तर त्या प्रमाणात जास्त प्रकाश गोळा होतो आणि चित्रात दाणे कमी दिसतात. फायदा एका स्टॉपहून थोडा अधिक. लहान सेन्सरवर आयएसओ ३२०० ला जी भीती वाटते, ती मोठ्यावर ६४०० च्या पुढे सुरू होते. पण अट लक्षात ठेवा, चौकट भरलेली हवी. खंड्याकडून येणारा प्रकाश लेन्सच्या छिद्रातून येतो आणि त्याच ३.२ मिलिमीटरवर पडतो. कडेच्या रिकाम्या सेन्सरवर पडलेला प्रकाश पाण्याचा, त्याचा खंड्याला काय उपयोग?

मग खंड्याचा प्रकाश वाढवतं कोण? छिद्राचा व्यास. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा. ३०० ला ५.६ ने भागलं तर ५४ मिलिमीटर. ५०० ला ५.६ ने भागलं तर ८९. क्षेत्रफळात हा फरक पावणेतीन पटींचा आहे. म्हणजे लांब लेन्स घेतली की पक्षी मोठाही होतो आणि त्याचा प्रकाशही वाढतो. इथे लेन्स म्हणजे माती. फुल-फ्रेम म्हणजे, माफ करा, गाढव.

आता उलट बाजू बघू, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. पहाटेचा ताडोबा. जिप्सीपासून २५ मीटरवर वाघ आडवा चालतोय. शेपूट सोडून तो १.८ मीटर धरा. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने प्रतिमा येते बरोब्बर ३६ मिलिमीटर. फुल-फ्रेमची चौकट काठोकाठ भरली! लहान सेन्सरवर हाच वाघ मावत नाही, झूम मागे घ्यावा लागतो आणि छिद्रही आपोआप लहान होतं. इथे मोठा सेन्सर खरा कामाला येतो. ज्यांच्याकडे लांब लेन्स आधीच आहे, जे मोठे प्राणी जवळून आणि कमी उजेडात टिपतात, त्यांनी फुल-फ्रेम जरूर घ्यावा. त्यांच्यासाठी ते गाढव नाही, चाक आहे.

मधल्या रांगेतून एकांनी विचारलं, मिररलेसचं काय? त्यात प्राण्याचा डोळा आपोआप पकडला जातो. चांगला प्रश्न. आपल्याकडे यासाठी अन्वय-व्यतिरेक आहे, म्हणजे ‘हे असताना होतं का, आणि हे नसताना होत नाही का’ हे तपासायचं. २०२२ साली आलेला कॅननचा आर ७ लहान सेन्सरचा आहे, तरी त्यात प्राण्यांचा डोळा ओळखण्याची सोय आहे. उलट डी ७५० फुल-फ्रेम असून त्यात ती नाही. म्हणजे हा गुण सेन्सरच्या आकाराचा नव्हे, फोकस यंत्रणेचा. तो हवा असेल तर त्यासाठी पैसे द्या, पण कशासाठी देतोय ते कळून द्या.

हिशेब करताना छुपे खर्चही धरा. लहान सेन्सरसाठी केलेल्या लेन्सा मोठ्यावर चौकट पूर्ण झाकत नाहीत. कॅननच्या ईएफ-एस लेन्सा तर फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. आणि जुनी वस्तू घेताना लाज कसली? फक्त पारखून घ्या. बॉडीचे शटर किती वेळा उडालंय ते बघा. डी ७५० चं शटर कंपनीने दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. एफ १६ ला आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा, आपल्या पावसाळ्यात ती फार धरते. बिल आणि सिरियल नंबर जुळवून घ्या. आणि पैसे देण्याआधी उडणाऱ्या कावळ्यावर फोकस लावून बघा. कावळे कुठेही फुकट मिळतात.

आता चिठ्ठीकडे येऊ. उभा सारस आपण दीड मीटरचा धरू. ६० मीटरवरून ३०० मिलिमीटरची लेन्स त्याला साडेसात मिलिमीटरचा करते, ६०० ची १५ मिलिमीटरचा. तुमच्या डी ७२०० ची उंची साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. उभी चौकट न करताही सारस त्यात भरून येतो. तेव्हा बाई, आमचं उत्तर असं : बॉडी तीच ठेवा. निकॉनची २००-५०० किंवा सिग्मा-टॅमरॉनची १५०-६०० यांपैकी एक, वापरलेली पण नीट पारखलेली घ्या. लाखाच्या आत बसेल. या लेन्सा दोन किलोच्या घरातल्या आहेत, म्हणून बांधावर टेकायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी शिवून घ्या. उरलेले पैसे राहू द्या. या लेन्सा फुल-फ्रेमवरही चालतात, त्यामुळे पुढे कधी मोठी बॉडी घेतलीत तर आजचा पैसा वाया जात नाही.

एक गोष्ट पैशापलीकडची आहे. आखूड लेन्स हातात असली की पाय पुढे जातात. आणखी दहा पावलं, आणखी पाच. सारस भातखाचरात घरटं करतो. माणूस जवळ आला की जोडी अंड्यांवरून उठते आणि अंडी उघडी पडतात. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरलाय, संख्येने अगदी थोडा. आमच्या चुकीत आमची ग्रॅच्युइटी गेली, खंड्याचं काही बिघडलं नाही. तुमच्याकडे अशी चूक झाली तर तिची किंमत अंड्यांनी द्यायची. म्हणून तुमच्यासाठी लांब लेन्स चांगल्या फोटोचं साधन तर आहेच, शिवाय बांधाच्या अलीकडे थांबण्याचंही आहे.

आमचा डी ७५० अजून घरी आहे. नातीच्या वाढदिवसाला फार सुंदर फोटो काढतो. खंड्यासाठी मात्र आम्ही परत एक वापरलेला डी ७२०० घेतला. सौ. नी विचारलं, ‘हाच विकला होतात ना?’ आम्ही गप्प राहिलो.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.